काचेवरचा कागद

वॉर्डात त्याला सगळे ‘दोनदा’ म्हणत. फरशी असो, कडी असो, नाहीतर संडास, एकदा पुसून त्याचं समाधान होत नसे. तीस वर्षं सफाईत गेली, हाताची सालटी निघाली, पण खोड गेली नाही. ज्यांना एकदाही धड पुसायचं नसे, तेच या नावावर जास्त हसत.

त्या दिवशी संसर्गाच्या रोग्यांच्या सहा वेगळ्या खोल्या त्याच्या वाट्याला आल्या. मागच्या पाळीची बादली दारातच उभी होती. पाणी काळंकुट्ट, वर केस तरंगत होते. त्याच पाण्याने सहाही खोल्या पुसलेल्या. रोग इकडचा तिकडे जाऊ नये म्हणून माणसं कोंडायची, आणि रोग बादलीत घालून दारोदार फिरवायचा! 

“मुकादम, ही बादली कुणाची?”

“आता तू आलास ना? मग तुझीच.”

त्याने बादली ओतली, घासली, पुन्हा घासली. प्रत्येक खोलीला ताजं औषधाचं पाणी आणि वेगळा पोछा घ्यायचा, हा नियम भिंतीवर छापून लावला होता. वाचायला कुणाचं काय जात होतं?

तिसऱ्या खोलीत एक म्हातारा होता. जन्मभर कारखान्यात पत्रे ठोकून त्याचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ बघून तो बोलणं ओळखायचा. पण इथे जो तो तोंड झाकून आत येई आणि झाकल्या तोंडाने ओरडे. आठ दिवसांत त्याला एक शब्द कळला नव्हता. आजार जुलाबाचा होता, हातांवरून पसरणारा. जेवणाचं ताट दाराशी फरशीवर ठेवलेलं, जिथून मघाशी संडासाचं भांडं गेलं होतं. डाळीवर साय धरली होती. दोनदाने ताट उचललं आणि तोंड फिरवलं.

म्हातारा बूट घालून बसला होता.

“निघालो मी,” तो खणखणीत आवाजात म्हणाला. “चार वाजता जावई येतोय. चोरासारखं कोंडलंय मला. घरी बायको पडून आहे. कंबरेचं ऑपरेशन झालंय तिचं, अजून जोरदार औषधं चालू आहेत. तिला पाणी कोण देईल?”

दोनदाला आठवलं. सिस्टर परवाच सांगत होत्या, की जोरदार औषधांनी पोट कमजोर झालेल्या माणसाला हा जंतू आधी धरतो. म्हातारा याच हातांनी तिला पाणी देणार होता. दोनदाने हातवारे केले, नको म्हणून मान हलवली. म्हाताऱ्याने बुटाची नाडी अजून घट्ट बांधली.

घड्याळात तीन वाजून गेले होते. हातमोजे काढून, हात साबणाने धुऊन दोनदा बाहेर आला आणि त्याने दार ओढलं. दाराला वीतभर काच होती. तिच्यावर कागद चिकटवला होता: ‘आत जाण्यापूर्वी हात साबणाने धुवा. नुसतं सॅनिटायझर चालणार नाही.’ साऱ्या जगाला वाचता येईल असा. आतल्या माणसाला मात्र कागदाची कोरी पाठ.

“सिस्टर, हा कागद काचेवर का?”

“भिंतीवर टेप धरत नाही हो.”

धरेल कशी? त्याने भिंतीवरून बोट फिरवलं, तर बोट चिकटलं. वर्षानुवर्षांचे बोटांचे डाग, घाम, सांडलेला चहा. ते पुसण्यापेक्षा माणसाची एकुलती खिडकी बुजवणं सोपं होतं. त्याने भिंत साबणाने घासली, पुसली, पुन्हा घासली, कोरडी केली. मग कागद काचेवरून सोलून भिंतीवर लावला. टेप घट्ट बसली.

“आता इथे उभ्या राहा आणि मास्क खाली घ्या.”

“मास्क?”

“बाहेर आहात, मध्ये काच आहे. आणि हा रोग हातांचा आहे, तोंडाचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. त्यांना ओठ दिसू द्या. चार वाजता घरी निघालेत ते, ऑपरेशन झालेल्या बायकोकडे. तिला काय होईल ते सांगा, चार वाक्यं, सावकाश.”

सिस्टरांनी काचेवर टकटक केली. म्हातारा वळला. आठ दिवसांनी त्याला माणसाचं अख्खं तोंड दिसत होतं. सिस्टर बोलल्या, थांबल्या, पुन्हा बोलल्या. म्हाताऱ्याचे डोळे त्यांच्या ओठांवर खिळले होते. बायकोचा विषय निघाल्यावर तो उठून काचेपाशी आला.

“तिला होईल? माझ्यामुळे?”

सिस्टरांनी ‘हो’ म्हणून मान डोलावली.

म्हातारा खाटेवर बसला. त्याने बूट काढले आणि खाटेखाली सरकवले.

“हे आधी सांगितलं असतं तर? आठ दिवस मी तुम्हाला शिव्या घातल्या!”

“आम्ही ओरडून सांगत होतो,” सिस्टर पुटपुटल्या.

“झाकल्या तोंडाने,” दोनदा म्हणाला.

चार वाजता जावई आला. म्हाताऱ्याने काचेतूनच त्याला बजावलं, “तिला पाणी देण्याआधी हात साबणाने धू. आणि हो, दोनदा!”

दोनदा तिथे नव्हता. चौथ्या खोलीच्या काचेवरही कागद होता. नाक मुरडत तो तिथली भिंत घासत होता, आणि पोछ्याचं पाणी पहिल्याच हाताला काळं झालं होतं.