काकूची शेळी

कोऱ्या चहाचा वास आला की मला आमच्या अंगणात ओरडत शिरलेली शेळी आठवते. वडील गेल्यावर एका संस्थेनं आईला रोख पैसे दिले होते, आणि त्यांचं काय करायचं ते तिच्यावरच सोडलं होतं. आईनं कुंभार पिंपळगावच्या बाजारातून दोन शेळ्या आणल्या. त्यांना करडं झाली, दूध गावात जाऊ लागलं, बोकडं विकून माझ्या शाळेचं भागू लागलं. मग एके दिवशी संस्थेच्या बाई संध्याकाळी येणार असा निरोप आला आणि आई घाबरली. "आपलं बरं चाललेलं दिसलं तर पैसे वापस मागतील. जल्दी जा, शेळ्या शेजारच्या काकूच्या गोठ्यात बांधून ये." मी बांधून आले. आईनं दुधाचं पातेलं टोपलीखाली झाकलं आणि बाईंपुढं कोरा चहा ठेवला. "काय सांगू बाई, पैसे खर्चून गेले. काहीच न्हाई उरलं." बाई नुसत्या कपाकडं बघत राहिल्या. तेवढ्यात धारेची वेळ झाली म्हणून थोरली शेळी दावं तोडून अंगणात आली. "कुणाची गं ही?" बाईंनी मला विचारलं. "काकूची," मी म्हणाले. शेळी मात्र आईच्या पदराला तोंड घासत उभी राहिली. "मी हिलाच बघायला आले होते," बाई हळूच म्हणाल्या. आईनं तांब्या घेतला, तिथंच बसून धार काढली आणि चहा पुन्हा ठेवला. बाई तो सगळा प्यायल्या. आम्हा दोघींना मान वर करता आली नाही. आजही कुणी कोरा चहा पुढं केला, की मी आधी दाराकडं बघते.