न लिहिलेले स्टार्ट

हवाई दलात मी एकवीस वर्षं हेलिकॉप्टरची इंजिनं तपासली. निवृत्तीनंतर सोलापुरात आलो. दोन वर्षांपूर्वी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका वर्कशॉपनं मला तपासणीला बोलावलं. त्यांनी संरक्षण दलांतून निघालेलं एक जुनं इंजिन घेतलं होतं आणि ते प्रवासी हेलिकॉप्टरला बसवायचं होतं. त्याचा नियम कडक आहे. टर्बाइनची डिस्क, म्हणजे आतली चकती, किती तास फिरली आणि इंजिन किती वेळा सुरू झालं, याची पहिल्या दिवसापासून अखंड नोंद हवी. दर स्टार्टला डिस्क तापते, मग निवते, आणि आतून थकत जाते. नोंदीत खंड असला तर डिस्क भंगारात.

वर्कशॉपचा मॅनेजर फार गोड बोलायचा, म्हणून मला त्याचा पहिल्यापासून संशय. डिस्कवरचा नंबर कुणी घासून नव्यानं कोरलाय का, हे मी भिंग लावून पाहिलं. लॉगबुकाची शिवण तपासली, पानं उन्हात धरली.

"काका, पोरगी बघायला आल्यागत बघायलाव की," तो म्हणाला.

खाडाखोड सापडली नाही. सापडलं ते माझंच अक्षर. हे इंजिन कधीकाळी माझ्या तुकडीत होतं. चौदा महिन्यांच्या नोंदी माझ्या हातच्या होत्या आणि त्यांत फक्त उड्डाणाचे स्टार्ट होते. खरं तर दुरुस्तीनंतर आम्ही ते जमिनीवरच तीन-चार वेळा सुरू करून बघायचो. ते लिहायची आमच्याकडे पद्धत नव्हती. डिस्क फिरलेल्या तासांवर बदलायच्या, जमिनीवरचे स्टार्ट कोण मोजतो?

मॅनेजरला मी काही बोललो नाही. नोंद अखंड असल्याची सही करून दिली.

इंजिन उडू लागलं. वर घरघर ऐकू आली की मी हातातलं टाकून गच्चीवर जायचो. प्रत्येक आवाज मला बिघडलेला वाटायचा.

गेल्या महिन्यात जाऊन मॅनेजरला सगळं सांगितलं. त्यानं पाणी दिलं, दार लावलं.

"कुणी पाठवलं तुमाला?"

"कुणी नाही."

"दोन वर्सांनी आठवलं व्हय?"

"आठवत तेव्हाही होतं."

त्यानं मग कागद पुढे सरकवला. "अंदाजे आकडा टाका. तेवढे स्टार्ट वजा करू, डिस्कचं उरलेलं आयुष्य वापरू."

मी लिहिलं, 'आकडा माहीत नाही.' खाली सही केली आणि एक प्रत विमान वाहतूक खात्याला रजिस्टर्ड पोस्टानं पाठवली.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. हेलिकॉप्टरमधून इंजिन उतरवलं होतं.

"डिस्क कापायची हाय, परत कुणी वापरू नये म्हणून. समोर हुबं राहून बघणारा लागतो. येताव का?"

मी गेलो.