मधला फोटो

डावीकडं चिंपांझीचं चित्र. उजवीकडं सूटबूट घातलेला माणूस. आणि मधे माझी आई. डोक्यावरचा पदर काढलेला. खाली सुबक अक्षरात चिठ्ठी: ‘अर्धविकसित अवस्था’.

सांगलीच्या कॉलेजातलं विज्ञान प्रदर्शन. पोरं फोटोसमोर थांबत, हसत, पुढं जात. त्याच दालनात माहिती सांगायला मला उभं केलं होतं.

तो फोटो कुठला, मला माहीत होतं. दुष्काळ होता. आई आटपाडीजवळ सरकारी कामावर खडी फोडत होती, सुट्टीत मीही तिथंच होते. जीवशास्त्राचे आमचे सर तिथं आले. माणूस माकडापासून झाला नाही, दोघांचा पूर्वज एक, लाखो वर्षांपूर्वी वाटा फुटल्या, आणि आजची सगळी माणसं एकाच फांदीवरची, हे त्यांनीच वर्गात शिकवलेलं. गावाबाहेरच्या वस्तीतली मी. ते ऐकून पहिल्यांदा ताठ बसले होते. सरांवर माझा आंधळा विश्वास. तब्येतीची पाहणी आहे, आईच्या डोक्याचं माप घ्यायचंय, म्हणाले. परक्या पुरुषापुढं आई पदर काढेना. मीच तिच्या मागं लागले. टेपचं एक टोकही मीच धरलं. माप झाल्यावर सरांनी तिचा फोटो काढला.

सर पाहुण्यांना घेऊन दालनात आले. मी फोटो खिळ्यावरून उतरवला.

“सर, सगळी माणसं एकाच फांदीवरची, असं तुम्हीच शिकवलंत. मग माझी आई मधे कशी?”

ते पाहुण्यांकडं बघून हसले. “अगं, लोकांना पटकन कळावं म्हणून लावलाय. मनावर घेऊ नकोस. लाव परत.”

मी लावला नाही. फोटो छातीशी धरून सगळ्यांदेखत बाहेर पडले. परीक्षेला कशी बसतेस बघतो, असं मागून ऐकू आलं.

घरी आईला सगळं सांगितलं. वाटलं, सरांना शिव्या घालेल. तिनं फोटो माझ्या हातातून घेतला.

“त्यो परका हुता,” ती म्हणाली. “पदर काढ म्हून तू सांगितलंस.”

सरांनी मला फसवलं आणि मी आईला.

परीक्षेला मी बसले. तोच विषय शिकले, आता तोच शिकवते. पण कुठल्याही विद्वानासाठी माझ्या माणसांना पदर काढायला सांगणार नाही. दुसरा कुणी सांगू लागला, तर त्याच्या हातातली टेप हिसकावून घेईन.