पहिला कुठला दिवा?

सर्व्हे करणाऱ्या माणसाकडे किस्से साचतात, त्याचं कारण साधं आहे. लोक जे सांगतात त्यातलं निम्मं रिपोर्टात बसत नाही, आणि जे बसत नाही ते टाकूनही देववत नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही तिघं उपनगरांत दारोदार हिंडत होतो. विजेच्या बिलाबद्दल, सरकारच्या वीजधोरणाबद्दल घराघरांत काय बोललं जातं ते विचारायचं, हे काम. मी अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, स्टॅटिस्टिक्सवाला करमरकर, आणि भांडुपच्या सावंतबाई. दारं उघडायची ती सावंतबाईंना बघून. आम्हां दोघांना लोक वसुलीवाले समजायचे.

प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न माझा होता. वीज आणखी महागली, तर घरातला पहिला कुठला दिवा बंद कराल? मत काय, कोणीही देतं. काय सोडाल असं विचारलं की माणूस खरं बोलतो. निदान तेव्हा मला तसं वाटायचं. सगळी माणसं घरी सापडावीत म्हणून आम्ही संध्याकाळी जायचो.

*

अंधेरीच्या एका गृहस्थांनी क्षणात उत्तर दिलं, "मंत्र्याच्या बंगल्यातला."

मी म्हटलं, तुमच्या घरातला विचारतोय.

"बिल आम्हीच भरतो ना? मग तो पण आमचाच!"

करमरकर माझ्याकडे वळला. "हे कुठल्या रकान्यात टाकू रे?"

*

मुलुंडला एक एकटे राहणारे म्हातारे होते. बिलाचा इतका धसका की हातात टॉर्च घेऊन त्यांनी दार उघडलं. आम्ही बसल्यावर तोही विझवला. म्हणाले, "बोलायला उजेड कशाला हवा?"

सगळी मुलाखत अंधारात झाली. करमरकरनं अंदाजाने खुणा केल्या. दरवाढीवर म्हातारे छान मुद्देसूद बोलले. आम्ही उठलो आणि चाचपडत दाराशी आलो, तेव्हा खोलीतून "या हं परत" असं ऐकू आलं.

तीन-चार जण एकदम म्हणाले.

जिन्यात करमरकर म्हणाला, "रेडिओ असेल." मीही हो म्हटलं. पण त्या घरातला मेन स्विचच बंद होता, हे मला खाली आल्यावर आठवलं. ते त्याला सांगावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

बोरिवलीच्या एका ब्लॉकमध्ये नवरा, बायको, मुलगी आणि सासूबाई. सावंतबाईंनी कुटुंबातली माणसं चार अशी नोंद केली. चौघंही समोर बसलेली. शेवटचा प्रश्न विचारला. मग नवरा उठला. "थांबा हं, आत विचारून येतो."

आला तो हसत. "स्वयंपाकघरातला म्हणतात."

सावंतबाईंनी ते लिहून घेतलं. कोण म्हणतात, हे विचारायची हिंमत आम्हा तिघांपैकी कोणालाच झाली नाही. माणसं मात्र चारच ठेवली.

*

भांडुपच्या चाळीत, सावंतबाईंच्याच मावशीकडे, मी हा प्रश्न स्वतः विचारला. नुकतेच देवाजवळ दिवे लागले होते. मावशीनं विजेच्या बल्बलाही हात जोडले होते. माझा प्रश्न ऐकून तिनं भाचीकडे पाहिलं.

"तिन्हीसांजेक दिवो बंद करूचा इचारतत? ह्यांका घरात कोण सांगणारा नाय?"

सावंतबाई लाजल्या. आम्ही चहा न घेताच निघालो. वाटेत त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "सर, तो प्रश्न काढूया." मी त्यांना प्रश्नामागचं धोरण समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

*

मग घाटकोपर झालं.

तिथल्या सुनेनं उत्तर दिलं होतं, आजोबांच्या खोलीतला; त्यांना कमी दिसतं, त्यांना काय फरक पडतो. उत्तरं ताडून बघायला काही आठवड्यांनी दुसऱ्यांदा जायची आमची पद्धत होती. गेलो, तर तीच सून रडवेली. त्या खोलीतला दिवा लागत नव्हता. बल्ब बदलून झाले, वायरमन येऊन गेला, टेस्टर पेटत होता. दिवा काही लागत नव्हता. घरच्यांनी आजोबांना बाहेरच्या खोलीत यायला सांगितलं, तर आतून शांत आवाज आला, "राहू दे. मला आता उजेड नको वाटतो."

सुनेनं सावंतबाईंचा हात धरला. "माझं उत्तर खोडता येईल का हो?"

करमरकरनं खोडलं. पुढचं आम्ही विचारायला गेलो नाही.

*

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सावंतबाईंनी फायली माझ्या टेबलावर ठेवल्या. त्यांचे वडील आजारी होते आणि पुढची यादी त्यांच्याच चाळीची होती. हा प्रश्न राहणार असेल तर मी येणार नाही, म्हणाल्या. त्या नाहीत म्हणजे सर्व्हे नाही. आणि प्रश्न नाही म्हणजे, माझ्या दृष्टीने, सर्व्हेत काही नाही. मी दिवसभर वाद घातला. करमरकर मध्येच बसून होता.

शेवटी सावंतबाई म्हणाल्या, "सर, तुम्ही घरी विचारा ना. वहिनींनी उत्तर दिलं, तर मी पण विचारीन."

मी कबूल केलं. यात काय आहे, असं मोठ्यानं म्हटलंसुद्धा.

घरी पोचलो तेव्हा बायको तांदूळ निवडत होती. विषय कसा काढावा ते सुचेना, म्हणून मी पंख्याखाली बसलो. तीच म्हणाली, "अहो, तुमचा माणूस येऊन गेला दुपारी. सर्व्हेचा."

आमच्यात चौथं माणूसच नव्हतं. ते दोघं दिवसभर माझ्यासमोर होते.

"काय विचारलं त्यानं?"

"एकच. पहिला कुठला दिवा."

"मग?"

"मी म्हटलं, ह्यांच्या टेबलावरचा. वाचून वाचून डोळे घालवलेत. तर हसला आणि म्हणाला, बरोबर, साहेबही हेच म्हणाले."

मी कोणाला काहीच म्हटलं नव्हतं. मनात एकदा येऊन गेलं होतं, इतकंच.

ती तांदूळ बाजूला ठेवून उठली. "तिन्हीसांज झाली, दिवे लावते." देवाजवळचा लावला, स्वयंपाकघरातला लावला, गॅलरीतला लावला. मग माझ्या खोलीत गेली. बटणाचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

"लागला ना गं?" मी विचारलं.

बटण पुन्हा वाजलं. मग पुन्हा.