धाकूचा टांगा रंगवून आला

आमच्या कल्याणात माणसाला चांगलं नाव मिळवायला जन्म जातो, आणि वाईट मिळायला एक दुपार पुरते. धाकू टांगेवाल्याला ती दुपार माघात मिळाली. एकोणिसावं शतक सरायला तेव्हा पंधरा-वीस वर्षं उरली असतील.

धाकू खाडीकाठचा आगरी. बाप-आजे मिठागरात राबले, याने टांगा घेतला. बायको, गोदा, तरुणपणीच गेली, मूलबाळ नव्हतं, आणि दुसरं लग्न कर म्हणून सांगणारंही कोणी उरलं नव्हतं. स्टेशनावर उतरलेल्या माणसांना तो शहाडपर्यंत पोचवायचा. दारू नाही, विडी नाही, घोड्याला चाबूक नाही. दिवसभर त्याचं बोलणं व्हायचं ते घोड्याशीच.

त्या दुपारी शेवंती नावाची शहाडची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली होती. सोबत तिचा चुलता. वाटेत टांग्याला म्हैस आडवी आली, घोडा बुजला, एक चाक बांधाखाली गेलं आणि टांगा कलंडला. चुलत्याला खरचटलंसुद्धा नाही. शेवंती गेली, पोटातल्या जिवासकट. घोड्याचा पाय मोडला.

यात धाकूचा दोष किती? म्हशीला विचारा. पण चुलत्याने गावभर सांगत सुटायला वेळ लावला नाही, आणि बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? त्या टांग्याला लोक मढ्याची गाडी म्हणू लागले. मोडका टांगा धाकूच्या दाराशी पडला होता, तर बाया पोरांना घेऊन लांबून वळसा घालून जायच्या. कल्याणातल्या एका सुताराने तर हात लावायलाच नकार दिला.

मग धाकूने पडावात, मालाच्या होडीत, घालून टांगा खाडीने ठाण्याला नेला. तिथे बंदराजवळ सहदेव सुताराचा कारखाना होता. धाकूने त्याला सांगितलं, गाडी कलंडली. कोण गेलं ते सांगितलं नाही. टांगा आधी हिरवा होता, पिवळ्या काठाचा. आता लाल कर म्हणाला, टपाची ठेवण बदल, पितळी फुलं काढ. जुना घोडा गेलाच होता, नवी घोडी त्याने भिवंडीकडून आणली. लोकांना हा वेगळाच टांगा वाटला पाहिजे, एवढाच त्याचा डाव होता. न वाटला तर उपास.

टांगा तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा धाकू सकाळच्या गाडीने ठाण्याला गेला. टांगा उन्हात उभा होता. जवसाच्या तेलाचा आणि रोगणाचा वास दरवळत होता. खरं सांगायचं तर काम देखणं होतं. धाकूने आधी लांबून चक्कर मारली. मग गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून फळीच्या कडेने नजर फिरवली, कुठे उंचवटा दिसतो का ते पाहिलं. जिथे फळी फुटली होती तिथे सुताराने लांबी भरून घासली होती. भेगा बुजवायचा तो लगदा वाळला की लाकडाशी एकजीव होतो. धाकूने तिथे नखाने टकटक केली, शेजारीही केली, आवाजातला फरक ऐकत राहिला. चाकं उचलून फिरवली. मागच्या बैठकीवर बसला, उठला, परत डावीकडे बसला आणि हात फळीखाली घालून बोटं फिरवत राहिला.

सहदेवचा पारा चढला.

"सकाळपासून बघतोयस. माझ्या कामात खोट सापडली का?"

"खोट नाय बघत," धाकू म्हणाला. "ओळख बघतो. कुठं राहिली का."

सहदेवला काही कळलं नाही. तो म्हणाला, "तुझ्या आईनं ओळखला तर पैसे परत."

त्या कारखान्याची एक रीत होती. दुरुस्त झालेली गाडी बाहेर काढायच्या आधी सहदेवची बायको लक्ष्मी चाकाला हळदकुंकू लावायची आणि घटकाभर गाडीत बसायची. सवाष्ण बसली की गाडी शुभ झाली. त्याही दिवशी ती ताट घेऊन आली, पदर सावरून पायरीवर पाय ठेवणार, तोच धाकू मध्ये आला.

"वहिनी, तुम्ही बसू नका."

"का?"

खरं सांगितलं तर बातमी पडावाच्या आधी कल्याणला पोचणार. न सांगता बसू दिलं तर त्या बाईला फसवल्यासारखं होणार. गावाला फसवायला निघालेला हा माणूस एका बाईपाशी अडला, यालाच मी त्याचा वेडेपणा म्हणतो. शेवटी त्याने सांगून टाकलं. लक्ष्मीने ताट खाली ठेवलं. सहदेवने नारळसुद्धा फोडला नाही. "घेऊन जा," एवढंच म्हणाला.

टांगा कल्याणच्या बंदराला लागला आणि धाकू स्टेशनावर जाऊन उभा राहिला. लाल रंग असा चमकत होता की उतरणारे लोक आपसूक वळायचे. वळायचे, टांगा बघायचे, घोडी बघायचे, मग धाकूकडे बघायचे आणि पुढच्या टांग्यात बसायचे. सगळं पुसलं होतं त्याने. स्वतःचं तोंड तेवढं तेच होतं. त्याला लांबी भरणारा सुतार ठाण्यातही नव्हता.

असे कितीतरी दिवस गेले. तो येऊन उभा राहायचा, रिकामा परत जायचा. दुसरे टांगेवाले आधी चिडवायचे, मग तेही थांबले. चिडवलं असतं तर बरं, असं त्याला वाटायचं. घरी जाऊन घोडीला चारा घातला की दिवस संपला. घोडी नवी, तिला त्याच्या बोलण्याची सवय नव्हती. फार एकटा पडला तो.

एका बाजाराच्या दिवशी एक म्हातारी डोक्यावरची टोपली सावरत थेट त्याच्यासमोर आली. धाकूने तिला ओळखलं. ती ठमाबाई होती, शेवंतीची आई.

"शहाडला सोडशील?"

धाकूने मान डोलावली. ती टांग्याभोवती फिरली. बाजारातली माणसं थांबून बघू लागली.

"माझी पोर कनचे बाजूला बसलेली?"

"मागं. डावीकडं."

ठमाबाई तिथे बसली. तिने फळीवरून हात फिरवला, मग फळीखाली घातला. फिरवत राहिली.

"यात तिचं काय राहिलं नाय रे?"

"नाय," धाकू म्हणाला. "मीच पुसायला सांगितलं, आई. सगळं रंधा मारून काढलं."

टांगा निघाला. धाकूने घोडीला पळू दिलं नाही. वस्ती संपल्यावर मागून ठमाबाईने विचारलं, "काय बोलत होती ती?"

इतक्या महिन्यांत हे त्याला कोणीच विचारलं नव्हतं. टांगा कसा पडला ते सगळ्यांना हवं होतं. शेवंती काय बोलली ते कोणाला नको होतं. चुलता पुढे बसून पेंगत होता, तेव्हा ऐकलं ते एकट्या धाकूने.

"मला म्हणाली, घोड्याला पळवू नका, मी काय पळून नाय चालले. शहाडला वाल आले का विचारलं. सासरी भातावर सार फार पातळ करतात म्हणाली. मग म्हणाली, आई दिसली की आधी खायला मागणार, पाया मागनं पडणार."

"मग?"

"मग हसली. तेवढ्यात म्हैस आली."

ठमाबाई पदर तोंडात धरून रडली. धाकूने मागे वळून पाहिलं नाही, त्याचेही डोळे वाहत होते.

शहाडला उतरताना तिने विचारलं, "अजून काय?"

"एवढंच, आई."

पुढच्या बाजाराला ती पुन्हा आली, त्याच्या पुढच्यालाही. दुसरं गिऱ्हाईक त्याला फार दिवस मिळालं नाही. वस्ती संपली की ती विचारायची आणि धाकू तेच सांगायचा, वाल, सार, आधी खायला, मग पाया. म्हातारीचं मन राखायला त्यात चार गोड शब्द घालणं त्याला काही अवघड नव्हतं. त्याने पदरचा एक शब्द घातला नाही. ती मात्र दर वेळी "अजून काय?" विचारूनच उतरायची.