ताईचं अंबर माझ्या मानेवर

माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, अत्तराचा भारी नाद. साधंसुधं गोडसर अत्तर नव्हे हं. सुरतच्या जुन्या बाजारात एक म्हातारे अत्तरवाले आहेत, त्यांच्याकडचं अंबर लागायचं तिला. झाडांचे डिंक, राळ, चंदनाचं तेल, असलं काय काय मुरवलेलं, घट्ट आणि काळपट. लावलं की आधी चक्क डांबराचा वास. मी विचारायचे, ताई, रस्त्याच्या कामावरून आलीस का? ती म्हणायची, थांब ना जरा. अर्ध्या तासाने डांबर जायचं, नव्या चपलेसारखा वास यायचा, आणि मग तिच्या मानेवर उकळत्या गुळाचा. तिच्या लेकीला हा क्रम पाठ होता. शाळेतून आली की आईच्या मानेत नाक खुपसून बसायची.

ताई काविळीने गेली तेव्हा भाची सात वर्षांची होती. वर्षाच्या आत घरच्यांनी माझं लग्न ताईच्या नवऱ्याशी लावून दिलं. आमच्या खान्देशी लोकांत चालतं हे. परकी सावत्र आई नको, मावशी बरी. मीही हो म्हटलं, पोरीसाठी. सुरतेत, लिंबायतमधल्या ताईच्याच खोलीत आले. नवऱ्याला सवयीने 'भाऊजी' अशी हाक जायची आणि शेजारणी पदराआड हसायच्या. हसू देत मेल्या. मला त्याचं काही नव्हतं, मला पोरगी हवी होती. ती माझ्या हातचं जेवायची, वेणी घालून घ्यायची, सगळं ऐकायची, पण मांडीवर म्हणून कधी यायची नाही.

ताईची बाटली कपाटात होती, तळाशी थोडंसं अंबर उरलेलं. तिला कोणी हात लावत नव्हतं. एकदा यंत्रमागांच्या सुट्टीच्या दिवशी, गल्लीतला खडखडाट बंद असताना, दुपारी माझी बुद्धी फिरली. ताई लावायची तसंच मी ते कानामागे, मानेला लावलं. चोरीच ती, दुसरं काय.

पोरगी शाळेतून आली आणि दारातच थबकली. मग दप्तर टाकून सरळ माझ्या मांडीवर आली, मानेत तोंड घातलं. डांबर कुणाच्याही अंगावर सारखंच, त्यामुळे तेव्हा तिथे ताईच होती. मी श्वाससुद्धा हळू घेत होते. वाटलं, झालं, आली माझी लेक. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता, खोटं कशाला बोलू.

डांबर गेलं. चपलेचा वास आला. ती डोळे मिटून थांबली, मीही थांबले. गूळ काही येईना. माझ्या अंगावर ते अंबर कडवट होत गेलं, बिब्बा जाळल्यासारखं, आणि ते मलाही कळत होतं. आम्ही दोघी एकाच आईच्या पोटच्या, पण कातडी वेगळी, त्याला काय करणार. तिने आणखी बराच वेळ वाट पाहिली, दुसऱ्या कानामागेही हुंगून पाहिलं. मग हळूच उतरली, ओलं फडकं घेऊन आली आणि माझी मान पुसायला लागली. रागाने नाही, अगदी जपून.

"मावशी, तू नको लावू हं आता," ती म्हणाली. "तुझ्यावर मम्मी येत नाही. उगाच संपून जाईल ती."

बरं, म्हटलं, आणि तिला पुसायला सोपं जावं म्हणून मी केस वर धरले.