दत्ताच्या गच्चीवरचा कनेक्टर

दत्ता गेल्याचा फोन वहिनींनी केला तेव्हा मी मुलुंडला आरक्षणाच्या रांगेत उभा होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मी रांग सोडली नाही. तिकीट काढलं आणि मगच घाटकोपरला निघालो. माणूस असा का वागतो, देव जाणे... दीड महिना झाला, अजून स्वतःची चीड येते.

आम्ही दोघं हॅम, म्हणजे लायसन्स काढून हौसेने रेडिओवर बोलणारे. रोज सकाळी सातला हजेरी, आणि तीस वर्षं एकच भांडण. अँटेनाच्या केबलला कनेक्टर लावायचा कसा? दत्ता कथील वितळवून सोल्डर करायचा. गच्चीवर वाऱ्याने सोल्डरिंग आयर्न गार होऊ नये म्हणून छत्री आडवी धरून अर्धा अर्धा तास बसायचा. मी पकडीने दाबून, क्रिंप करून दोन मिनिटांत मोकळा. मालवणचा गडी, चिडला की घरच्या बोलीत यायचा. "क्रिंप वायट नाय रे मेल्या. पण पकडीचो साचो त्याच केबलचो व्हयो." बरोबरच होतं त्याचं. मी कबूल मात्र कधी केलं नाही.

गेल्या वर्षी त्याचे हात थरथरायला लागले, मग खाटच धरली. रेडिओ उशाशी. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने केबल सडली, तेव्हा नवी टाकायला मी गेलो. "कनेक्टर तूच बसव," म्हणाला. माझी पक्कड घरी राहिलेली. खालच्या केबलवाल्याची आणली. तिचा साचा टीव्हीच्या जाड केबलचा, आमची केबल बारीक. मला दिसत होतं ते. तरी दोनदा जोर लावून दाबलं, वर टेप गुंडाळली आणि खाली येऊन "झकास झालं" म्हणून सांगितलं. पुढे माझा गुडघा, मुलीचं बाळंतपण, हे नि ते... तिकडे जाणं राहिलं आणि सातची हजेरीही.

परवा वहिनींनी अँटेना उतरवायला बोलावलं. केबल जराशी ओढली तर कनेक्टर सुटून हातात आला. वहिनी मागे चहा घेऊन उभ्या होत्या.

"त्यांना कळलं होतं," त्या म्हणाल्या. "सेटच्या मीटरचा काटा बघून पहिल्याच दिवशी म्हणाले, नीट बसलं नाही. मी म्हटलं, भाऊजींना फोन लावते. तर नको म्हणाले, त्याला वाईट वाटेल, आला की सांगू. यांचं बोलणं पलीकडे पोचत नसे. पण खरखरत का होईना, ऐकू यायचं ना. रोज सातला सेट लावून बसायचे. तुमचा आवाज येतो का बघायचे."

तेवढ्या महिन्यांत मी एकदाही सेट लावला नव्हता. हे मी त्यांना सांगितलं नाही. लाज वाटली.

अँटेना उतरवली नाही. दत्ताचं सोल्डरिंग आयर्न मागून घेतलं, नवा कनेक्टर सोल्डर केला. घाई केली नाही. खाली येऊन त्याच्या रिकाम्या खाटेवर बसलो, सेट लावला. काटा जिथे हवा तिथे आला.

"झालं का नीट?" वहिनींनी विचारलं.

झालं, म्हटलं.